ताशी तीस मिलीवर विसंबू नका: मोठ्या ऑपरेशननंतर किडनीवर लक्ष कसं ठेवायचं

सर्जिकल आयसीयूत माझी ड्यूटी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका सीनियर सिस्टरनी सांगितलं होतं, "तासाला तीस मिली लघवी येतेय ना, मग काळजी करायची नाही." मी केली नाही. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेले एक काका होते, वजन ८४ किलो. रात्रभर त्यांच्या युरोमीटरवर (लघवीच्या नळीला जोडलेलं, ताशी मोजायचं भांडं) ३०, ३५, ३०, ३२ असे आकडे येत होते आणि मी ते टापटीप अक्षरात चार्टवर भरत होते. सकाळी हँडओव्हर देताना म्हणाले, "युरिन आउटपुट चांगलं आहे." क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, इथले आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) १.२ आलं, लॅबच्या कागदावर नॉर्मलच्या हद्दीत. तिसऱ्या दिवशी ते २.१ झालं.

मागाहून गणित मांडलं. ८४ किलोच्या माणसाला ताशी निदान ४२ मिली लघवी व्हायला हवी होती. ऑपरेशनच्या आधी त्यांचं क्रिएटिनिन ०.८ होतं, म्हणजे तो 'नॉर्मल' १.२ प्रत्यक्षात दीडपट होता. वजन आणि जुना रिपोर्ट, दोन्ही माझ्या हातातल्या फाइलीतच होते. काका सावरले, डायलिसिसची वेळ आली नाही. पण त्या दिवसापासून मी नव्या मुलामुलींना हे सगळं पहिल्याच ड्यूटीला सांगते, तेच इथे लिहीत आहे.

हा लेख वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या नर्सेस, इंटर्न आणि रेसिडेंट यांच्यासाठी आहे. आकडे प्रौढ पेशंटचे आहेत. लहान मुलांचं गणित वेगळं, आणि आधीपासून डायलिसिसवर असलेल्यांचंही वेगळं. तुमच्या वॉर्डाचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची लेखी ऑर्डर यांचा मान अर्थातच या लेखाच्या वर.

१. पेशंट ताब्यात घेताना काय गोळा करायचं

थिएटरमधून पेशंट येतो तेव्हा सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर असतात. त्या धांदलीत या गोष्टी निसटतात:

- ऑपरेशनच्या आधीचं क्रिएटिनिन, तारखेसकट. अनेक रिपोर्ट असतील तर सर्वांत अलीकडचा, पेशंट स्थिर असतानाचा.
- प्रत्यक्ष मोजलेलं वजन. "साधारण सत्तर असेल" चालणार नाही.
- भूलतज्ज्ञांचा कागद: किती रक्त गेलं, किती सलाईन आणि रक्त दिलं, थिएटरमध्ये किती लघवी झाली, बीपी किती वेळ खाली होतं.
- पेशंटचं नेहमीचं बीपी. हा आकडा कोणी लिहीत नाही, नातेवाइकांना विचारून घ्या.
- घरी चालू असलेल्या औषधांची यादी.
- ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत काँट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी झाली होती का.

वस्तूंमध्ये ताशी मोजमापाचा युरोमीटर (साध्या युरोबॅगवर २० आणि ३५ मिलीतला फरक कळत नाही), टॉर्च, कॅल्क्युलेटर आणि असेल तर ब्लॅडर स्कॅनर (मूत्राशयात किती लघवी आहे ते बाहेरून दाखवणारं यंत्र).

इतका खटाटोप का, तर दोन्ही किडन्या मिळून शरीराच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का भरतात, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. रक्तस्राव झाला, बीपी पडलं, हृदयाच्या ऑपरेशनमध्ये बायपासच्या पंपावर बराच वेळ गेला, महाधमनीला क्लॅम्प लागला, पोटात जंतुसंसर्ग झाला, की किडनीच्या आतल्या भागाला प्राणवायू लगेच कमी पडतो. हे घडलं तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. त्याची एकमेव साक्ष म्हणजे तो भूलतज्ज्ञांचा कागद.

२. या पेशंटचा आकडा काढा आणि चार्टच्या डोक्यावर लिहा

वजनाला ०.५ ने गुणा. ६० किलोला ताशी ३० मिली, ७२ किलोला ३६, ८४ किलोला ४२. तीस मिलीचा तो प्रसिद्ध नियम ६० किलोच्या माणसापुरता खरा आहे, एवढंच. खूप स्थूल पेशंटमध्ये आदर्श वजन धरायचं की प्रत्यक्ष, हे डॉक्टरांना विचारा. जे धरलं ते लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या ड्यूटीची सिस्टर वेगळं धरेल आणि पेशंट कागदावरच बरा होईल.

आता व्याख्या. केडिगो नावाची किडनीविकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने २०१२ मध्ये दिलेले निकष आज सगळीकडे वापरतात. पुढच्यापैकी कोणतीही एक गोष्ट झाली तरी किडनीला तीव्र इजा झाली असं धरतात: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ किंवा त्याहून जास्त वाढलं. सात दिवसांच्या आत ते मूळच्या दीडपट झालं. किंवा सलग सहा तास लघवी किलोमागे ताशी ०.५ मिलीच्या खाली राहिली. क्रिएटिनिन मूळच्या दुप्पट झालं तर इजेची दुसरी पायरी. तिप्पट झालं, ४ वर पोचलं किंवा डायलिसिस लागलं, तर तिसरी.

या व्याख्येत 'नॉर्मल रेंज' कुठेच नाही. तुलना पेशंटची त्याच्या स्वतःशी आहे.

३. युरोमीटर वाचणं ही सोपी गोष्ट नाही

हसू नका. मी जितक्या चुकीच्या नोंदी पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच इथल्या.

दर तासाला, ठरल्या वेळी. आधी नळी उचलून तिच्यात साचलेली लघवी युरोमीटरमध्ये उतरू द्या. नळीचा झोळ खाली लोंबत असेल तर त्यात बरीच लघवी अडकून राहते. मग एका तासाला १५ दिसतात, पुढच्या तासाला ७०, आणि आपण पेशंटला नावं ठेवतो. मात्र लघवी मूत्राशयाकडे उलटी जाणार नाही असं बघा. मग डोळे युरोमीटरच्या पातळीला आणा, म्हणजे वाका. उभ्याने वाचलेला आकडा चुकतो. वाचून झालं की ते खालच्या पिशवीत रिकामं करा आणि तिथल्या तिथे लिहा. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

दोन नोंदी राहिल्या तर त्या रकान्यांत अंदाजाने आकडे भरू नका. तीन तासांचे मिळून ९० मिली जमले असतील तर तसंच लिहा, "३ तासांचे ९०". त्याचे ३०, ३०, ३० असे सुबक तुकडे पाडले की राउंडवरच्या डॉक्टरला वाटतं, तीनदा पाहणी झाली आणि तीनदा सारखंच आलं. प्रत्यक्षात पहिल्या तासात ८० आणि मग १० असंही असू शकतं. ही सवय फार लवकर लागते आणि सुटता सुटत नाही.

रंगही लिहा. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय का ते बघावं लागतं. लाल असेल तर रक्त. चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी दिसली तर स्नायू किंवा रक्तपेशी फुटत असण्याची शक्यता असते, ते लगेच कळवा. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मूत्राशय धुण्याचं पाणी चालू असतं, ते वजा केल्याशिवाय पिशवीतल्या आकड्याला अर्थ नाही.

४. लघवी कमी झाली: आधी नळी बघा, मग पेशंट

लघवी हळूहळू कमी होत गेली तर कारण बहुतेक पेशंटमध्ये असतं. चांगली चालू असताना एकदम शून्य झाली, तर आधी नळीवर संशय घ्या.

पेशंटपासून पिशवीपर्यंत हात फिरवत जा. नळी मांडीखाली दबली आहे का, कुठे मुरडली आहे का, आत रक्ताची गुठळी दिसते का. लघवीचा नमुना घेताना लावलेला क्लॅम्प काढायचा राहिलाय का, हे तर नक्की बघा, कारण ते कोणाच्याही हातून होतं आणि पुढची सगळी धावपळ त्यापायी होते. चादर ओली आहे का? असेल तर लघवी कॅथेटरच्या बाजूने गळतेय. ओटीपोट हाताने चाचपा, ब्लॅडर स्कॅन करा. कॅथेटर धुवायचा असेल तर ऑर्डर घेऊन, निर्जंतुक पद्धतीने.

नळी मोकळी असेल तर पेशंटकडे वळा. बीपी, नाडी, हातपाय गार आहेत का, ड्रेनमध्ये (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) अचानक रक्त वाढलं का, पोट फुगून टणक झालं का. पोटातला दाब फार वाढला तरी किडनीचा रक्तपुरवठा आवळला जातो. पोटाच्या ऑपरेशननंतर हे कारण लवकर कोणाच्या लक्षात येत नाही.

बीपीबद्दल एक गोष्ट. सरासरी दाब ६५ च्या वर ठेवायचा असं आपण शिकतो. पण ज्या बाईंचं घरचं बीपी कायम १६०/१०० असायचं, त्यांच्या किडनीला ६५ पुरेलच असं नाही. म्हणून पहिल्या भागात नेहमीचं बीपी मागितलं.

आता उलट बाजू. ऑपरेशनच्या ताणामुळे आणि वेदनेमुळे शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं. पहिल्या चोवीस तासांत लघवी थोडी कमी असणं यामुळेही होतं, किडनी तिचं काम नीट करत असते. तेव्हा कमी आकडा दिसला की सलाईनची धार सोडायची, असं नाही. कळवायचं मात्र प्रत्येक वेळी. शरीराचा हा स्वाभाविक प्रतिसाद आहे की इजा, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, मीही ठरवत नाही.

भरपूर लघवी म्हणजे किडनी ठणठणीत, हाही गैरसमज. साखर वाढली की लघवी वाढते. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) दिल्यावर पिशवी भरते आणि सगळ्यांचे चेहरे खुलतात. त्या औषधाने अंगातलं जादा पाणी निघतं, पण किडनीला झालेली इजा भरून येत नाही. म्हणून ते दिल्याची वेळ लघवीच्या रकान्याशेजारीच लिहा.

५. आत किती गेलं, बाहेर किती आलं

बाहेरचं आपण बरं मोजतो: लघवी, ड्रेन, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी), उलटी, जुलाब. आत जाणारं मोजताना चुकतो. अँटिबायोटिकच्या १०० मिलीच्या बाटल्या दिवसातून चार गेल्या, तर ते ४०० मिली झाले. पंपावरची औषधं, लाइन फ्लश करायचं सलाईन, पॅरासिटामॉलची बाटली, हे सगळं मिळून कधी कधी लिटरभर होतं आणि चार्टवर त्याचा पत्ता नसतो.

ताळ्याला सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे रोजचं वजन. तीच वेळ, तोच काटा, तेवढेच कपडे. एक-दोन दिवसांत तीन किलो वाढले तर ते अन्न नव्हे, साधारण तीन लिटर पाणी आहे. चार्ट आणि काटा यांचं जमत नसेल तर आधी काटा नीट वापरला का ते तपासा, आणि तो बरोबर असेल तर त्याचं ऐका.

अंगात पाणी साठलं की क्रिएटिनिन पातळ होऊन कमी दिसतं. चार-पाच लिटर जादा असलेल्या पेशंटचं १.२ हे खरं १.२ नसतं. रिपोर्ट सांगताना त्या दिवसापर्यंतचा ताळेबंदही सोबत सांगा.

६. क्रिएटिनिन उशिरा बोलतं

किडनीचं काम आज मंदावलं तरी क्रिएटिनिन साठायला वेळ लागतो. एक-दोन दिवसांनी ते ठळक दिसतं. दोन्ही किडन्या अगदी ठप्प झाल्या तरी ते दिवसाला साधारण १ ते १.५ ने वाढतं. म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळचा छान रिपोर्ट हा बराचसा काल-परवाचा रिपोर्ट असतो. रात्री लघवी कमी होती आणि सकाळी क्रिएटिनिन बरं आलं, तर लघवीवर विश्वास ठेवा.

याच कारणाने रिपोर्टवर छापून येणारा ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) या दिवसांत बाजूला ठेवा. तो आकडा क्रिएटिनिन स्थिर असल्याचं गृहीत धरून काढलेला असतो.

काही सापळे थोडक्यात. एककं बघा: काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही मायक्रोमोलमध्ये, आणि १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेल्या पेशंटच्या कागदावर ९० बघून मी एकदा चांगलीच दचकले आहे. युरिया (किडनीतून जाणारा आणखी एक टाकाऊ पदार्थ) आणि बीयूएन (त्यातला फक्त नायट्रोजन) या एकच गोष्टी नाहीत, मिलिग्रॅममध्ये बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. युरिया पोटातल्या रक्तस्रावानेही चढतो आणि स्टिरॉइडनेही. अंथरुणाला बरेच दिवस खिळलेल्या, स्नायू झडलेल्या पेशंटमध्ये क्रिएटिनिन फसवं कमी येतं. आणि सलाईन चालू असलेल्या हातातून, त्या सुईच्या वरच्या बाजूने रक्त काढू नका.

रोजचे आकडे एका ओळीत, शेजारी-शेजारी लिहा: ०.८, १.०, १.२. तीन वेगळ्या पानांवर असले की ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

७. पोटॅशियम

इथे थांबून राहायचं नसतं. नेहमीची पातळी ३.५ ते ५ च्या आसपास. सहाच्या वर गेलं तर ताबडतोब कळवा आणि फोन करता करता ईसीजी लावा, कारण हृदयाचे ठोके बिघडायला फार वेळ लागत नाही. ईसीजीत टोकदार, उंच टी लहरी (प्रत्येक ठोक्यातली शेवटची लहर) दिसल्या तर डॉक्टर बेडजवळ यायलाच हवेत. सलाईनमधून किंवा फीडमधून पोटॅशियम जातंय का ते त्याच वेळी सांगा.

रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं जास्त येतं. लॅब तसा शेरा देते. पुन्हा नमुना पाठवायचा, पण त्या निमित्ताने ईसीजी टाळायचा नाही.

८. औषधांचा कागद रोज नव्याने वाचा

ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांच्या ऑर्डरी छापील असतात. त्यात डायक्लोफेनॅक किंवा कीटोरोलॅक (किडनीला त्रास देऊ शकणारी वेदनाशामकं) असेल आणि लघवी कमी असेल, तर डोस द्यायच्या आधी विचारा. जेंटामायसिन, अमिकासिन, व्हँकोमायसिन ही किडनीला इजा करू शकणारी अँटिबायोटिकं चालू असतील तर रक्तातली पातळी कधी तपासायची आहे, तेही विचारा. पाचव्या दिवशी "घरची औषधं सुरू करा" असा एक ओळीचा शेरा येतो, त्यात बीपीच्या रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या, लघवीची गोळी आणि मेटफॉर्मिन असं सगळं एकदम परत येतं. एकेक नाव घेऊन खात्री करून घ्या.

किडनी मंदावली की काही औषधं अंगात साठतात. मॉर्फिनवरचा पेशंट दिवसेंदिवस जास्त झोपाळू होत असेल, तर नुसती थकलेली तब्येत समजू नका.

९. फोन कसा करायचा

"सर, युरिन कमी आहे" एवढ्यावर समोरून "बघतो" येतं आणि फोन ठेवला जातो. असं सांगून बघा:

"बेड पाच, पोटाचं ऑपरेशन, काल दुपारी. वजन ८४ किलो. गेले तीन तास ताशी ३० ते ३५, म्हणजे किलोमागे ०.४ च्या खाली-वर. कॅथेटर तपासला, अडथळा नाही. बीपी ९८/५४, सरासरी ६९, घरचं बीपी १५०/९०. नाडी ११०. ताळेबंद दीड लिटर जास्तीचा. क्रिएटिनिन ०.८ वरून १.२. डायक्लोफेनॅकचा डोस दहा वाजता आहे, थांबवू का?"

शेवटचा प्रश्न ठेवाच. हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं. फोनची वेळ आणि मिळालेलं उत्तर चार्टवर लिहा. सहा तास भरेपर्यंत वाट बघत बसू नका, सहा तास ही व्याख्या आहे, फोन करायची वेळ नव्हे. मी दुसऱ्या तासाला सावध होते आणि तिसऱ्याला फोन करते. लघवी पूर्ण बंद, वाढती धाप, नवा गोंधळलेपणा किंवा झटका यांपैकी काही असेल तर तेवढंही नाही, लगेच.

औषधांनी न उतरणारं पोटॅशियम, रक्तातलं वाढतं आम्ल, फुप्फुसात भरणारं पाणी, अशा कारणांनी डायलिसिस लागू शकतं. नातेवाईक हा शब्द ऐकून खचतात. अनेकांना ते काही दिवसांपुरतं लागतं आणि किडनी पुन्हा काम करू लागते. मात्र सगळ्यांच्या बाबतीत तसं होतंच असं नाही, त्यामुळे खात्री देऊ नका. बोलायचं काम डॉक्टरांचं, पण तुम्ही शेजारी उभ्या राहा, नंतरचे प्रश्न तुम्हालाच विचारले जातात.

१०. कॅथेटर निघाल्यावर आणि घरी जाताना

कॅथेटर गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नये, जंतुसंसर्ग होतो. पण तो निघाला की चार्टही बंद पडतो. पेशंटला मापाचं भांडं द्या, नातेवाइकांना ओतून टाकायच्या आधी दाखवायला सांगा. सहा तासांत लघवी झाली नाही तर ब्लॅडर स्कॅन. पाठीत भूल दिलेल्यांमध्ये आणि वयस्कर पुरुषांमध्ये लघवी तुंबणं नेहमीचं आहे, आणि "थोडी थोडी होतेय" म्हणणाऱ्याचंही मूत्राशय भरलेलं असू शकतं.

डिस्चार्ज कार्डावर बघा: शेवटचं क्रिएटिनिन लिहिलंय का, मूळचं किती होतं, आणि किडनीला इजा झाली होती हे शब्दांत नोंदवलंय का. नसेल तर रेसिडेंटला लिहायला लावा. बंद ठेवलेल्या गोळ्या कोणत्या आणि त्या कोण, कधी सुरू करणार, हेही हवं. टाके दुखले म्हणून स्वतःच्या मनाने दुकानातून वेदनाशामक आणायचं नाही, हे पेशंटला आणि घरी स्वयंपाक-औषध बघणाऱ्याला, दोघांना सांगा. पहिली तपासणी डॉक्टर सांगतील त्या दिवशी. त्यानंतर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) पुन्हा तपासायचं असतं. ती तारीख मी कार्डावर स्वतःच्या हाताने, मोठ्या आकड्यांत लिहून देते.